शेवयाची मशीन, चार पेमेंट आणि मॅजिस्ट्रेटपुढचा अर्ज

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):

मॅडम, नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. शेवयाची मशीन घ्यायची म्हणून बचत गटातून ४०,००० उचलले. उन्हाळी कामं तोंडावर आली आहेत, गावात लई बायका शेवया करून मागतात. मोबाईलवर राजकोटच्या कंपनीची जाहिरात बघितली, मशीन २३,५०० ला. फोन केला तर माणूस चांगलं बोलला, मराठीतच बोलला. आधी बुकिंगचे ५,००० घेतले. मग टेम्पोत मशीन चढवल्याचा फोटो पाठवला अन् राहिलेले १८,५०० मागितले. दुसऱ्या दिवशी म्हणाला, ई-वे बिल अडकलंय, ९,७०० भरा, मशीन पोचली की परत येतील. तेही भरले. मग मला शंका आली, मी सगळेच पैसे परत मागितले. त्यानं क्यूआर कोड पाठवला, म्हणाला स्कॅन करून पिन टाका म्हणजे जमा होतील. त्यात अजून ४,९९९ गेले. सगळे मिळून ३८,१९९. त्यानंतर फोन बंद.

याला अकरा दिवस झाले. ठाण्यात गेले तर साध्या कागदावर अर्ज घेतला अन् म्हणाले, पैसे तुम्हीच पाठवलेत, हे दिवाणी प्रकरण आहे, बघू. बँकेत साहेब म्हणाले, पिन तुमचा, आम्ही काय करणार? काल सायबर सेलमधून बोलतोय म्हणून एकाचा फोन आला, २,५०० भरा, पैसे सोडवून देतो. ओळखीचे एक वकील म्हणतात, ग्राहक कोर्टात केस टाकू, १०,००० फी. घरचे म्हणतात गप बस, गावात हसं होईल. गटात अजून कुणाला सांगितलं नाही. हप्ता पंधरा तारखेला आहे. बिलाचा फोटो सोबत पाठवते. काय करू?

उत्तर:

ताई, ते २,५०० भरू नका. हे आधी लिहिते, कारण बाकीचं वाचेपर्यंत तो पुन्हा फोन करील. अडकलेले पैसे सोडवायला पोलीस, बँक किंवा कोर्ट कुणालाही फोनवरून फी मागत नाही. तो माणूस त्याच टोळीतला असेल, नाहीतर त्यांच्याकडून तुमचा नंबर मिळालेला दुसरा कुणी. त्याचा नंबर ब्लॉक करण्याआधी कॉल लिस्टचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. तुमच्या तक्रारीत तोही नंबर लिहायचा आहे.

आता मुद्द्याचं. तुम्ही ठाण्यात गेलात, बँकेत गेलात, वकिलांशी बोललात, पण १९३० चा उल्लेख पत्रात कुठेच नाही. ठाण्यात किंवा बँकेत कुणीतरी पहिल्याच दिवशी हा नंबर तुमच्या हातात द्यायला हवा होता, तो दिला नाही याचं मला फार वाईट वाटतं. १९३० हा केंद्रीय गृह मंत्रालयाचा सायबर फसवणुकीसाठीचा हेल्पलाइन क्रमांक आहे. ही तक्रार सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर ऑनलाइनही करता येते. दोन्हींमागे एकच यंत्रणा आहे, २०२१ पासून चालू असलेली, आणि तिच्यात पोलीस आणि बँका एकमेकांना जोडलेल्या आहेत.

ती चालते कशी, हे समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. तुम्ही पाठवलेले पैसे त्या गोड बोलणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या खात्यात बहुतेक गेलेच नाहीत. ते गेले भाड्याच्या खात्यात. कुठल्या तरी गरजू पोराला थोडे पैसे देऊन त्याचं खातं, एटीएम कार्ड, सिमकार्ड या टोळ्या वापरायला घेतात. पैसे तिथून दुसऱ्या खात्यात, तिसऱ्या खात्यात फिरवतात आणि शेवटी एटीएममधून काढतात. १९३० वर तक्रार नोंदली की ती तुमच्या बँकेला दिसते. तुमची बँक सांगते की पैसे अमुक बँकेच्या अमुक खात्यात गेले. मग त्या बँकेने तिथे जे शिल्लक असेल ते रोखायचं, आणि पैसे पुढे गेले असतील तर पुढच्या बँकेला कळवायचं. रोखलेल्या रकमेला बँकेच्या भाषेत होल्ड किंवा लीन म्हणतात. खातं त्या माणसाचंच राहतं, पैसेही दिसतात, पण त्याला ते काढता येत नाहीत.

हे पहिल्या तास-दोन तासांत झालं तर हाती काही लागण्याची शक्यता चांगली असते. अकरा दिवसांनी ती बरीच कमी झालेली असते, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. तरीही आजच तक्रार करा, आणि हे मी नुसतं धीर द्यायला लिहीत नाही. अशा एका खात्यात अनेक फसलेल्या लोकांचे पैसे येत असतात. तुमच्या आधी कुणी तक्रार केली असेल तर ते खातं तेव्हाच गोठलेलं असेल आणि त्यानंतर आलेली रक्कम तिथेच पडून असेल. तुमची चार पेमेंट चार वेगळ्या खात्यांत गेली असण्याचीही शक्यता आहे. ३८,१९९ पैकी एखादा हिस्सा अडकलेला निघू शकतो. पण तुमची तक्रार नोंदलेली नसेल, तर त्या पैशांवर तुमचा दावा आहे हे कुणाला कळणारच नाही.

तक्रार करताना चारही व्यवहार वेगवेगळे सांगा, एकत्र बेरीज सांगू नका. यूपीआय ॲपमध्ये प्रत्येक व्यवहार उघडला की बारा आकडी संदर्भ क्रमांक दिसतो. तो, तारीख, वेळ, रक्कम आणि समोर आलेलं नाव, हे सगळं आधी वहीत उतरवून घ्या आणि मगच फोन लावा. समोरचा माणूस भराभर विचारत जातो, ऐनवेळी शोधाशोध नको. तक्रारीचा क्रमांक मोबाईलवर येतो, तो जपा. फोनवर तक्रार दिली की २४ तासांच्या आत पोर्टलवर जाऊन ती पूर्ण भरायची असते. तुम्हाला जमत नसेल तर गावातल्या सेतू केंद्रावर किंवा कॉलेजात जाणाऱ्या भाचीकडून भरून घ्या, पण समोर बसून. पिन किंवा ओटीपी तिथे कुणालाही सांगायची गरज पडत नाही. आणि यूपीआयचा पिन आजच बदला.

ठाण्यातल्या उत्तराबद्दल. पैसे तुम्हीच पाठवलेत म्हणून हे दिवाणी, असं ते म्हणाले. कायदा असं म्हणत नाही. फसवणुकीत माणूस बहुतेक वेळा स्वतःच्याच हाताने पैसे देतो, आणि त्याला खोटं सांगून ते द्यायला लावणं हाच तो गुन्हा. खरा प्रश्न एवढाच असतो की समोरच्याची नियत पहिल्यापासून खोटी होती का? व्यापारी खरा आहे, मशीन द्यायची होती पण उशीर झाला, तर तो वाद दिवाणी. मशीन मुळात द्यायचीच नव्हती, तर तो फौजदारी गुन्हा.

आणि तुमच्याकडे याचा पुरावा आहे. तुम्ही पाठवलेल्या बिलाचा फोटो मी नीट पाहिला. पत्ता राजकोटचा छापलाय, पण जीएसटी क्रमांक ०९ ने सुरू होतो. पंधरा अक्षरांच्या त्या क्रमांकातले पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७, गुजरातचे २४. ०९ हे उत्तर प्रदेशचे. जीएसटीच्या पोर्टलवर व्यापारी शोधायची सोय सगळ्यांना खुली आहे, तिथे हा क्रमांक टाकून पाहिला तर असा नोंदणीकृत व्यापारी सापडत नाही. दुसरी गोष्ट ई-वे बिलाची, म्हणजे मालाच्या वाहतुकीसोबत लागणाऱ्या ऑनलाइन कागदाची. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल न्यायचा तर साधारणपणे ५०,००० रुपयांच्या वरच्या मालाला ई-वे बिल लागतं. तुमची मशीन २३,५०० ची. आणि ज्यांना लागतं त्यांनाही ते पोर्टलवर फुकट काढता येतं. म्हणजे जे बिल लागतच नव्हतं, आणि लागलं असतं तरी ज्याला पैसे पडत नाहीत, त्याच्या नावावर ९,७०० घेतले. तिसरं, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. यूपीआयचा पिन आपल्या खात्यातून पैसे बाहेर पाठवायला किंवा शिल्लक बघायला लागतो. परताव्याचं नाव सांगून पिन टाकायला लावला, तिथे तर शंकेला जागाच उरत नाही. या तीन गोष्टी अर्जात स्पष्ट लिहिल्या की हे दिवाणी आहे असं म्हणणं कुणालाही अवघड जाईल.

म्हणून ठाण्यात पुन्हा जा, पण या वेळी लेखी अर्जाच्या दोन प्रती घेऊन. अर्ज लांबलचक नको. साधारण असा लिहा:

“मी खाली सही करणार, राहणार अमुक, शेवयाचा घरगुती व्यवसाय करण्यासाठी मशीन घेणार होते. मोबाईल क्रमांक अमुकवरून बोलणाऱ्या इसमाने खोटे बिल पाठवून, ई-वे बिलाचे खोटे कारण सांगून आणि पैसे परत देतो असे सांगून क्यूआर कोड स्कॅन करायला लावून माझ्याकडून खालील चार व्यवहारांत एकूण ३८,१९९ रुपये घेतले. मशीन देण्याचा त्याचा हेतू सुरुवातीपासूनच नव्हता. बिलावरील जीएसटी क्रमांक खोटा आहे. १९३० वरील तक्रार क्रमांक अमुक. तरी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८(४) व ३१९ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ड अन्वये गुन्हा दाखल करून एफआयआरची प्रत मला द्यावी, ही विनंती.”

खाली चार व्यवहारांचा तक्ता, सोबत बँकेचं स्टेटमेंट आणि चॅटच्या प्रिंट. दुसऱ्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का, तारीख आणि सही घ्या. ही पोच फार महत्त्वाची आहे. मागच्या वेळी साध्या कागदावर घेतलेल्या अर्जाची पोच तुमच्याकडे नाही, म्हणून तो अर्ज आज असून नसल्यासारखा आहे.

कलमं लिहिली नाहीत तरी गुन्हा नोंदवणं हे ठाण्याचं काम आहे, पण लिहिलेली असली की पुढचं बोलणं लवकर होतं. कलम ३१८(४) ला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ३१९ आणि ६६ड ही दोन्ही कलमं दुसराच कुणी असल्याचं भासवून फसवण्यासाठी आहेत. यातलं पहिलं नव्या संहितेतलं, दुसरं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं, संगणक किंवा मोबाईलच्या आधारे केलेल्या फसवणुकीसाठी. ६६ड ला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. या कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, म्हणून शक्य असेल तर थेट निरीक्षकांना भेटा. गुन्हा राजकोटला झाला, तिकडे जा, असं कुणी म्हणालं तर तेही मानू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळवण्याचं बंधनही पोलिसांवर आहे.

तरीही नोंदवून घेतलं नाही, तर त्याच अर्जाची प्रत पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा. याच कलमात तशी तरतूद आहे. त्यानंतरही काही हाललं नाही तर प्रतिज्ञापत्रासह प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यातही अर्ज देता येतो आणि पैशांचा माग काढायची सवय त्यांना जास्त असते. पण तालुक्याचं ठाणं तुम्हाला जवळ आहे, तारखांना हेलपाटे कमी पडतील, म्हणून मी आधी तिथेच प्रयत्न करायला सांगेन.

आता जे बहुतेकांना कुणी सांगतच नाही ते सांगते. पैसे होल्ड झाले म्हणजे ते आपोआप तुमच्या खात्यात येतात असं नाही. ते त्या परक्या खात्यात पडून राहतात. कोर्टाच्या भाषेत ते आता मुद्देमाल आहेत, चोरीची मोटारसायकल पकडून ठाण्याच्या आवारात उभी केलेली असते तसे. गाडी मालकाला कोर्टात अर्ज केल्यावर मिळते, तसेच बहुतेक वेळा हे पैसेही. तक्रार केली, क्रमांक मिळाला, आता येतील पैसे, असं म्हणून लोक महिनोन्‌महिने वाट बघत बसतात. तिकडे खातेदार मात्र खातं मोकळं करून घ्यायला वकील लावून कोर्टात जातो. तुमच्या बाजूने कुणी उभं नसेल तर होल्ड उठू शकतो.

म्हणून एफआयआर झाल्यावर तपास अधिकाऱ्यांना नेमकं विचारा की माझ्या चार व्यवहारांपैकी कोणत्या खात्यात किती रक्कम होल्डवर आहे? बँकेचं नाव, खाते क्रमांक, रक्कम. तोंडी सांगत नसतील तर तेही लेखी मागा. एक रुपयाही होल्डवर नसेल, तर पुढचा अर्ज करण्यात आज अर्थ नाही, तपासात काय निघतं ते बघावं लागेल. रक्कम असेल, तर ती कोर्टाच्या आदेशाशिवाय परत मिळू शकते का हे आधी विचारा, आणि नसेल तर त्या ठाण्याच्या हद्दीतल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज करायचा. जुन्या दंड प्रक्रिया संहितेत हेच कलम ४५७ होतं, जुन्या वकिलांच्या तोंडी अजून तोच आकडा असतो. अर्जाला एफआयआरची प्रत, १९३० ची तक्रार, तुमच्या खात्याचं बँकेकडून शिक्का मारून घेतलेलं स्टेटमेंट, आणि होल्डचा तपशील जोडायचा. कोर्ट पोलिसांचा आणि सरकारी वकिलांचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, मागवतं. खातेदाराला नोटीस काढायची की नाही हे न्यायाधीश ठरवतात. तुमच्याकडून बंधपत्र लिहून घेतात, की पुढे कुणाचा हक्क जास्त ठरला तर रक्कम परत भरीन. मग बँकेला आदेश निघतो, अमुक खात्यातली अमुक रक्कम अर्जदाराच्या खात्यात वर्ग करा. तो आदेश बँकेपर्यंत पोचवून, त्याची पोच घेऊन, पाठपुरावा करावा लागतो. हा सगळा रस्ता सरळ आहे, पण कुणी हात धरून नेत नाही.

या अर्जासाठी वकील हवा असेल तर १०,००० कशाला द्यायचे? विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे आणि तिला उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. आधार कार्ड आणि या कागदांची एक प्रत घेऊन जा, साधा अर्ज भरून द्या. १५१०० या क्रमांकावरही माहिती मिळते. नेमून दिलेल्या वकिलाला तुम्ही वेगळी फी द्यायची नसते.

ग्राहक कोर्टाबद्दल तुमचे ओळखीचे वकील बोलले, त्यांचा हेतू चांगला असेल, पण तुमच्या प्रकरणात मला तो रस्ता पटत नाही. ग्राहक कोर्टात, म्हणजे ग्राहक आयोगापुढे, सामनेवाला लागतो, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो. ज्याचं नाव खोटं, पत्ता खोटा, जीएसटी क्रमांक खोटा, त्याला नोटीस कुठे बजावणार? आणि निकाल तुमच्या बाजूने लागला तरी वसुली कुणाकडून? तपासात खरा माणूस सापडला तर तेव्हा विचार करता येईल. तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, ती आत्ताच पळून जात नाही.

पण विक्रेता खरा असेल आणि त्याने फसवलं असेल, तर हाच रस्ता सगळ्यात चांगला आहे, म्हणून इतर वाचकांसाठी इथे थोडं थांबते. नोंदणीकृत ई-कॉमर्स कंपनीकडून मोबाईल मागवला आणि खोक्यात साबण निघाला, किंवा कडबाकुट्टी मागवली आणि मोटार जळकी आली, तर आधी त्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निवारण करायचं असतं. नाही झालं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर कळवा. तिथेही नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यात मोठा फरक झाला तो हा की कंपनीचं ऑफिस बंगळुरूला असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार चालते. किल्लारीचा माणूस लातूरला तक्रार करू शकतो, वसमतचा हिंगोलीला. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि वकीलच पाहिजे असंही नाही. यंत्र धंद्यासाठी घेतलं म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असा मुद्दा कंपन्या काढतात. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरत नाहीत, हे त्याच कायद्यात स्पष्ट लिहिलंय. शेवयाची मशीन, शिलाई मशीन, पिठाची गिरणी घेणाऱ्या प्रत्येक बाईने ही ओळ लक्षात ठेवावी.

राहिली बँक. पिन तुमचा, हे त्यांचं म्हणणं अर्धंच खरं आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला एक परिपत्रक काढलं. खातेदाराची चूक नसताना बाहेरच्या कुणी खात्यातून पैसे काढले आणि खातेदाराने तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर त्याच्यावर काहीच भुर्दंड पडत नाही, असं त्यात म्हटलंय. खातेदाराची जबाबदारी सिद्ध करण्याचं ओझंही बँकेवर टाकलंय. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टेट बँकेच्या एका प्रकरणात हेच उचलून धरलं. ऑनलाइन घेतलेली वस्तू परत करायला गेलेल्या गुवाहाटीकडच्या एका खातेदाराला कंपनीचा माणूस म्हणून भलत्याच कुणी गाठलं आणि ९४,००० वर रक्कम गेली. त्याने २४ तासांच्या आत बँकेला कळवलं होतं, ओटीपी-पिन कुणाला दिला नव्हता, आणि रक्कम बँकेला सोसावी लागली. तुमच्या प्रकरणात पिन तुम्ही स्वतः टाकला आणि पहिले तीन व्यवहार तर समजून-उमजून केले, म्हणून या निकालावर मी तुम्हाला आशा लावणार नाही. पण तक्रार घेणं, तिचा क्रमांक देणं आणि ज्या बँकेत पैसे गेले तिला कळवणं, हे तुमच्या बँकेचं कामच आहे. शाखेत लेखी तक्रार द्या, पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी क्रमांक १४४४८.

एक काळजी घ्या. त्या माणसाशी झालेलं चॅट, त्याचे आवाजी मेसेज, टेम्पोचा फोटो, बिल, काहीही पुसू नका. राग आला की माणूस पहिल्यांदा तेच करतो. चॅट बाहेर काढून ईमेलवर पाठवून ठेवा, आणि हा मोबाईल प्रकरण संपेपर्यंत विकू नका, रिसेट मारू नका. पुढे खटला उभा राहिला तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे या पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि मूळ फोन हातात असेल तर ते सोपं जातं.

आता घरच्यांचं. गप बस म्हणणाऱ्यांना तुमची काळजीच आहे, पण गप बसल्याने फायदा कुणाचा होतो ते त्यांना समजावून सांगा. एफआयआर झाला की नाव लपून राहत नाही, हे खरं आहे आणि मी ते झाकणार नाही. चार लोक चार दिवस बोलतील. पण तुम्ही मेहनत करून खायला मशीन घेत होता. त्यात मान खाली घालण्यासारखं काहीही नाही, मान खाली घालायची ती ज्याने लुबाडलं त्याने. आणि तीच जाहिरात तुमच्या गटातल्या, शेजारच्या गावातल्या बायकांच्या मोबाईलवरही येत असणार. एखादीने त्याच नंबरवर ५,००० आधीच भरलेही असतील, आणि तीही तुमच्यासारखीच गप बसली असेल. दोघींच्या तक्रारी एकाच खात्यावर आल्या तर पोलिसांना ते खातं धरणं सोपं जातं.

म्हणून पंधरा तारखेच्या आधी गटाची बैठक लावा आणि अध्यक्ष-सचिवांना घडलेलं सगळं सांगा, हप्ता चुकल्यावर त्यांना कळण्यापेक्षा आधी. कर्ज तुमच्या नावावर आहे, ते तुम्हालाच फेडायचं आहे, यात बदल होणार नाही. पण तुम्ही गटाच्या पैशांची अफरातफर केलेली नाही, आणि १९३० चा क्रमांक व एफआयआरची प्रत समोर ठेवली की तशी कुजबुजही होणार नाही. हप्त्याला दोन-तीन महिने सवलत किंवा हप्त्याची रक्कम लहान करून मागा. गट ते करू शकतो, फक्त तसा ठराव इतिवृत्तात लिहून सगळ्यांच्या सह्या व्हायला हव्यात, तोंडी कबुलीवर राहू नका. गटाचं बँकेतलं कर्ज चालू असेल तर गावातल्या सीआरपी ताईंनाही (बचत गटांना मदत करायला नेमलेल्या) बैठकीला बोलवा, बँकेशी बोलायला त्या उपयोगी पडतात. शेवयाचं काम यंदा सोडायचं नसेल, तर गटात कुणाकडे हाताने फिरवायची मशीन पडून आहे का, तेही त्याच बैठकीत विचारा.